मखमलचा पुढचा डावा पाय

पाय उचलल्याबरोबर वास आला. सडक्या कोबीसारखा. धम्मदिनाने तोंड फिरवलं नाही. घोडीचा पुढचा डावा पाय तिने आपल्या दोन मांड्यांत धरला होता, आणि खुराच्या मधोमध जी रबरासारखी त्रिकोणी गादी असते तिच्या खाचेतून वाकड्या सुरीचं टोक फिरवत होती. काळं, लिबलिबीत निघत होतं. चार महिने घोडी ओल्या तुसावर उभी. तबेला गोडाउनपेक्षा दोन हात खाली, त्यामुळे पत्र्यावरचं सगळं पाणी इकडे. गोडाउनात बुटांचे खोके होते. बूट कोरडे होते.

"लहानू, पुढच्या नखाला हात लावायचा नाय हां," घोडीचा मालक धनेश म्हणाला.

सुरी धम्मदिनाच्या हातात, कंबर तिची वाकलेली, घाम तिच्या नाकावरून घोडीच्या खुरात पडत होता. पण सांगायचं असलं की सगळे मालक तिच्या डोक्यावरून तिच्या बापाशी बोलत. लहानूचा उजवा हात तीन वर्षांपूर्वी एका घोड्याच्या लाथेने मनगटात मोडला, तेव्हापासून बोटं मिटत नव्हती. तो नुसता दोरी धरून उभा राहायचा. आजूबाजूच्या गावांत अकरा घोडे होते, अकराच्या अकरांचे खूर ही पोरगी साळत होती, म्हणजे कापून तासून नीट करत होती. सव्वीस वर्षांची, दुपारी दोनला गोडाउनच्या शिफ्टला जाणारी. आणि तरी, "लहानू, नीट काप."

"शेठ, नख लांब झालंय," ती खालूनच म्हणाली. "टाच पुढं सरकलीय. हे बघा, कड तळव्यापासून सुटायला लागलीय. सुरीचं टोक आत जातंय."

"त्या लांब नखानंच ती तशी पाय टाकते. जत्रेवाल्यानं सांगितलंय. लहानू, तुझ्यासमोरच बोलला ना तो?"

लहानूने मान हलवली. लहानू हल्ली कशालाही मान हलवायचा.

घोडीचं नाव मखमल. गेल्या पौषात धनेशने तिला खानदेशातल्या जत्रेतून आणली होती. रंग काळपट तांबूस, कान आत वळलेले, आणि चाल रवाल. रवाल म्हणजे चारही पाय वेगवेगळे पडतात, वर बसलेला माणूस हलत नाही. साधा घोडा दुडकी धावतो, त्यात दोन-दोन पाय जोडीने पडतात आणि स्वार पोत्यासारखा आदळतो. धनेशच्या घरात दसऱ्याची एक रीत होती. घरातला कर्ता गावदेवीपासून वेशीपर्यंत रवाल घोड्यावर जायचा, तळहातावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला घेऊन. पाणी सांडलं तर वर्ष वाईट. धनेशचा बाप बाळाराम गुडघे जाईपर्यंत तसा गेला होता. मग घोडे गेले, भात गेला, शेतात गोडाउनं उभी राहिली. आता गोडाउनांनी घोडा परत आणला होता.

दसऱ्याला बारा दिवस होते.

धम्मदिनाने पाय खाली सोडला आणि पुढे होऊन दुसऱ्या खांद्याला बोट लावलं. "दे," ती म्हणाली. मखमलने पाय दिला. तिला ओढावं लागत नसे. पहिल्या दोन महिन्यांनंतर तर बोटही लावावं लागत नव्हतं. ही समोर येऊन वाकली की घोडी आपण होऊन पाय उचलून धरायची, बहुतेक वेळा डावा.

"माणसासारखी हाय," धनेश हसला. "चपला घालायला पाय पुढं करते."

उजवा खूर गार होता. डावा गरम. तिने दोन्हींवर पुन्हा तळवा ठेवून बघितलं. डावा गरमच.

---

दोघं शेअर रिक्षाने घरी निघाली. भिवंडीच्या धामणकर नाक्याला रिक्षा अडकली, पुढे टेम्पो, मागे टेम्पो, बाजूच्या गल्लीतून यंत्रमागांचा, लूमचा आवाज. लहानू खिडकीशेजारी बसल्यासारखा शांत बसला होता, रिक्षाला खिडकी नसली तरी.

"बाबा, तुमी काय बोलला का न्हाय?" ती शेवटी ओरडली.

घरात सगळे ओरडूनच बोलत. लहानूने वीस वर्षं लूमवर काढली होती. त्याच्या आधी टांगा. त्याचा बाप टांगेवाला होता आणि लहानू लहानपणापासून टांग्यांच्या थांब्यावर गफूरचाचा नालबंदाच्या हाताखाली बसायचा. गफूरचाचाची एकच शिकवण: खुराला हात लावायच्या आधी घोडा चालवायचा, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. डोळा फसतो. चार ठोके सारखे पडले तर पाय बरे. एक जड, एक हलका पडला तर कुठे तरी दुखतंय. लहानू अजूनही तसंच करायचा. घोडा चालवून आणला की डोळे मिटून उभा राहायचा, आणि मालक लोक गप्प होऊन त्याच्या तोंडाकडे बघायचे. त्या एका मिनिटापुरता तो कोणी तरी असायचा.

"दसरा होऊं दे," लहानू म्हणाला. "मंग काप."

"तवर कड फाटंल. डांबरावरनं न्यायचीय तिला, वर नव्वद किलोचा माणूस."

"होऊं दे दसरा."

घरी शांताबाई भाकऱ्या थापत होती. ती गोडाउनात खोक्यांवर पट्ट्या मारायची, त्यामुळे तिची बोटं कायम चिकट. तिने दोघांची तोंडं बघितली आणि विचारलं नाही. जेवताना लहानूचा घास दोनदा ताटात पडला. डाव्या हाताने जेवायची सवय त्याला अजून झाली नव्हती.

---

तिसऱ्या दिवशी ती एकटी गेली. लहानूला ताप होता, किंवा तसं तो म्हणाला.

धनेश वकिलाकडे गेला होता. तबेल्याच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर म्हातारा बाळाराम बसलेला, लुंगी वर करून, गुडघ्याला तेल चोळत. मखमल डावा पाय पुढे टाकून उभी होती, भार देत नव्हती.

"कालपास्न अशीच," बाळाराम म्हणाला.

धम्मदिनाने खुरावर हात ठेवला. भाकरीच्या तव्यासारखा नसला तरी नुकत्याच उतरवलेल्या चहाच्या टोपासारखा. तिने पाय उचलला, कड दाखवली. पुढच्या बाजूला नख आणि तळवा यांच्या मधे भेग पडली होती. त्यात खडी अडकलेली.

"आबा, नखावर तोल जातोय सगळा. पाऊल उचलताना नख पहारीसारखं उचकटतंय, त्यानं भेग उघडतेय. मागं घ्यायला लागंल."

म्हाताऱ्याने वाकून भेग बघितली. त्याने आयुष्यभर घोडे ठेवले होते. खूर वाचता येत होता त्याला.

"काप," तो म्हणाला.

"शेठ नको बोललेत."

"घोडी माझ्या दारात हाय. काप, मी सांगतंय."

मग तिने कापलं. आधी पक्कडीने पुढची कड, थोडी थोडी, चंद्रकोरीसारखे तुकडे खाली पडत गेले आणि गावातली दोन कुत्री येऊन ते घेऊन गेली. मग कानस. वरून खाली, दोन्ही हातांनी, खांद्यापासून. खुराचा भुगा तिच्या केसांत, तोंडात. टाच मागे आणली. दर दहा हातांनंतर पाय खाली ठेवून बघायची, उभी कशी राहते ते. पुन्हा, "दे." मखमल द्यायची. भेग धुतली, त्यात औषधाचा कापूस भरला. दीड तास गेला. उठली तेव्हा कंबर सरळ होईना, ती तबेल्याच्या खांबाला धरून उभी राहिली.

मखमलने डावा पाय खाली ठेवला. भार दिला. मग मान झटकून फुरफुरली.

"बरी झाली," बाळाराम म्हणाला.

धम्मदिनाला वाटलं, झालं. इतकं सोपं कधी नसतं हे तिला माहीत असायला हवं होतं.

---

दोन दिवस घोडी जपून चालली, कोवळ्या पायाने चालतात तशी. तिसऱ्या दिवशी नीट चालली. चौथ्या दिवशी धनेश तिच्यावर बसला.

लहानू आणि धम्मदिना कुंपणापाशी उभे होते. बाळाराम खुर्चीवर. धनेशने टाच मारली आणि मखमल गोडाउनच्या मागच्या मातीच्या पट्टीवरून निघाली.

धम्मदिनाने डोळे मिटले. टक-टक. टक-टक. टक-टक.

दोन.

तिने डोळे उघडले. धनेश आदळत होता. त्याचं पोट वर, खाली, वर. खिशातला मोबाईल पडला. पट्टीच्या टोकाशी ट्रक धुणारे दोन भय्ये उभे होते, ते हसले. "सेठ, ऊंट लाए हो क्या?"

धनेश परत आला तेव्हा त्याचं तोंड लाल होतं. तो खाली उतरला, वाकला, खूर बघितला.

"कोणी कापलं?"

त्याने लहानूकडे बघितलं.

"लहानू, तुला मी काय सांगितलेलं? हिनं चाल कापली. एवढी रवाल घोडी, हिनं तिची चाल कापून टाकली."

"पाय गरम होता," धम्मदिना म्हणाली. "कड फाटली होती. आबांनी बघितली."

तिने बाळारामकडे बघितलं. म्हातारा गुडघ्याला तेल चोळत होता. तेल केव्हाच जिरलं होतं, तो कोरडंच चोळत होता.

"आबा, तुमीच बोललात ना काप?"

"मी काय बोल्लो? मी बोल्लो थोडा साफ कर," बाळाराम म्हणाला, गुडघ्याला.

ही माणसं अशीच. स्वतःच्या जमिनीवर उभं राहून खोटं बोलताना यांचा पाय कधी हलत नाही. दुसऱ्याच्या जमिनीवर उभी असलेली पोरगी काय करणार? तिने हत्यारं गोणपाटात गुंडाळली.

"लहानू, तू तर सांग," धनेश म्हणाला. "जत्रेत तूच डोळे मिटून ऐकलंस. तूच बोललास, शेठ, अस्सल रवाल हाय. बोललास का न्हाय?"

लहानूने मान हलवली.

"मंग गेली कुठं ती चाल?"

लहानूने पुन्हा मान हलवली.

---

संध्याकाळी शिफ्टवर असताना तिला शेलार गावाहून फोन आला. तिथल्या देवेशचे दोन घोडे होते. "ताई, ह्या महिन्यात येऊ नको. बघतो, सांगतो." आवाज गोड होता. दुसऱ्या एका मालकाचा फोन आलाच नाही, त्याच्या पोराने तसाच मेसेज टाकला.

रात्री ती घरी परतली तेव्हा लहानू चाळीच्या मागच्या पायरीवर बसला होता. समोर गटार, पलीकडे खाडीकडून येणारा वारा. ती त्याच्याशेजारी जाऊन बसली.

"बाबा, एक खरं सांगा. नख कापल्यावर रवाल जाते का?"

"काय?"

ती ओरडली, "रवाल जाते का?"

"असली असंल तर न्हाय जात."

"मंग ही असली न्हाय?"

लहानूने डाव्या तळव्याने पायरीवर दोन ठोके वाजवले.

"लांब नखानं पाय उशिरा उचलतो," तो म्हणाला. "दुखत असंल तर आणखीन उशिरा. जोडी मोडते. दोनाचे चार होतात. डोळ्याला रवालच वाटते."

"पण तुमी ऐकलंत ना. जत्रेत."

 मग मोडक्या हाताने त्याने आपल्या कानाला टपली मारली, जशी बंद पडलेल्या रेडिओला मारतात.

"हितं लूम चालतोय," तो म्हणाला. "बंदच होत न्हाय. पाच वर्षं झाली. जवळनं ओरडलं तर समजतंय. खुराचा आवाज न्हाय येत मला, दिने. जत्रेत डोळे मिटले, नुस्ता लूम. उघडले तर धनेश माझ्याकडं बघतोय. बाळाराम पण बघतोय. माझ्या आज्याला त्या घरानं मेलेली ढोरं ओढायला बोलावलं. मला गोठा झाडायला बोलावलं. विचारलं कदी काय न्हवतं. त्या दिवशी विचारत होते. म्हटलं, रवाल हाय."

गटारातून एक पिशवी वाहत गेली.

धम्मदिनाला राग यायला पाहिजे होता. आलाही, पण नेमका कोणावर ते ठरेना. पाच वर्षं हा माणूस डोळे मिटून उभा राहत होता आणि त्यातली तीन वर्षं तीही त्याच्याकडे बघून कापत होती. म्हणजे अकरा घोड्यांचं तिने काय केलं? तिचे अंदाज बरोबर होते म्हणून घोडे बरे चालत होते, की कोणी तक्रार केली नाही म्हणून?

"मंग हाय का न्हाय ती रवाल?" तिने विचारलं.

"मला कसं कळणार?" लहानू म्हणाला.

---

धनेशने कल्याणकडून रामू नावाचा नालबंद आणला. मोटारसायकलवर पेटी, पेटीत ऐरण. धम्मदिना शिफ्टला जाताना रस्त्यावर थांबली आणि कुंपणातून बघत राहिली. रामूने पुढच्या दोन्ही पायांना जाड, जड नाल ठोकले. हात चांगला होता त्याचा, झटझट चालत होता. पण भेगेच्या बाजूला कड पातळ होती, खिळ्याला जागा नव्हती. त्याने क्षणभर विचार केला, खिळा आत घेतला आणि ठोकला. मखमलने पाय झटकला. दोघांनी तिचा कान पिळून धरला.

"लोखंडानं पाय जड होतो, चाल बसते," रामू धनेशला सांगत होता. "दसरा निघेल. पुढं मला विचारू नका, शेठ."

धनेश बसला. घोडी निघाली. धम्मदिनाने शिफ्टचं कार्ड गळ्यात अडकवलं होतं, ते मुठीत धरून डोळे मिटले.

चार. स्वच्छ, सुटे चार.

ट्रक धुणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. धनेशने वळून कुंपणाकडे नुसतं बघितलं. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशी खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना तिने चौदा उलट्या लावल्या. सुपरवायझर ओरडला. तिच्या डोक्यात एकच चालू होतं. चार ठोके पडले म्हणजे चाल घोडीतच होती. म्हणजे मी जास्त कापलं. पण लोखंड बांधलं तर कोणताही पाय उशिरा उचलेल, मग ते चार कोणाचे, घोडीचे की लोखंडाचे? तिने मोबाईलवर खुरांचे पन्नास व्हिडिओ बघितले होते. जनावरांच्या शिबिरात डॉक्टरीणबाईंच्या शेजारी तीन दिवस उभी राहिली होती. बापाचं ऐकून, त्यांचं बघून, घोड्यांच्या लाथा खाऊन ती शिकली होती. या प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नव्हतं.

सकाळी शांताबाईने विचारलं, "तू बरोबर कापलंस का चूक?"

"माहीत न्हाय, आय."

"मंग भांडतेस कशाला लोकांशी?"

"मी कापल्यावर पाय गार झाला होता. तेवढं माहीत हाय."

शांताबाईने डोक्यावरचा पदर नीट केला. "मंग तेवढंच बोलायचं. जास्त बोलू नको."

---

दसऱ्याच्या आदल्या दिवशी धनेशचा फोन आला. लहानूला नीट ऐकू येईना म्हणून त्याने तो पोरीकडे दिला.

"नाल मारल्यापास्न घोडी कोणाला जवळ येऊं देत नाय," धनेश म्हणाला. "बापाला पाठव. लगाम धरून पुढं चालायचं, वेशीपर्यंत. तेवढं केलं ना, तर मी शेलारवाल्याला फोन करतो. बाकीच्यांना पण."

तिने बापाला सांगितलं. शांताबाईच्या हातातलं लाटणं थांबलं.

"तुमच्या बापानं सोडला तो लगाम," ती म्हणाली. "ह्याच घरचा, ह्याच दसऱ्याला. अनवाणी पुढं चालायला लागायचं. दीक्षा घेतली त्या वर्षी लगाम टाकला आणि भिवंडीला येऊन टांगा घेतला. दुसऱ्याच्या घोड्यापुढं चालण्यापरीस आपल्या घोड्यामागं बसला माणूस. आणि तुमी धम्मचक्राच्या दिवशी..."

"मी चप्पल घालून जाईन," लहानू म्हणाला.

कोणी हसलं नाही. त्याने विनोद केला नव्हता.

"बाबा, माझ्यासाठी जाताय का?" धम्मदिना ओरडली.

"मी बोललो ती रवाल हाय," लहानू म्हणाला. "मीच नेणार."

---

दसऱ्याला ऊन तापलं होतं. विहारात दहाची वंदना. शांताबाई आणि धम्मदिना पांढऱ्या साड्या नेसून निघाल्या. दोघींच्या साड्यांना कडक इस्त्री, पदराला निळी पिन. विहार धनेशच्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला, लहानूच्या आज्याच्या जुन्या वस्तीत, मधे गावदेवीचा रस्ता ओलांडावा लागतो. धम्मदिनाने मागची वाट घेऊ म्हटलं. शांताबाई म्हणाली, "का? रस्ता त्यांच्या बापाचा हाय?"

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं होती. बँजो वाजत होता. मखमलच्या अंगावर जरीची झूल, कपाळावर झेंडूची माळ. धनेश फेटा बांधून, गुलाबी जाकीट घालून वर बसलेला. उजवा तळहात पुढे, त्यावर चांदीचा पेला, काठोकाठ. पाणी हलत नव्हतं. लोक बँजोवाल्याला गप्प करत होते, पेला बघायला. मागून उघड्या जीपमध्ये बाळाराम येत होता, हात जोडून. आणि पुढे लगाम धरून लहानू. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात चप्पल.

बँजो थांबला तसे ठोके ऐकू आले. धम्मदिनाने मोजले. चार. पण पहिला हलका होता. डांबराला खूर लागायच्या आत उचलला जात होता. हलका, जड, जड, जड. तिने बापाकडे बघितलं. तो सरळ पुढे बघत चालला होता, कानात लूम घेऊन.

"काय झालं?" शांताबाई म्हणाली. धम्मदिना थांबली होती. रस्त्याच्या अगदी कडेला.

मखमल दहा पावलांवर आली. तिने मान वळवली. कान ताठ केले. आणि लगाम ओढून, लहानूला अर्धा फरफटवत, कडेला आली. धम्मदिनाच्या समोर येऊन थांबली. आणि पुढचा डावा पाय उचलून धरला.

पेला उडाला. पाणी गुलाबी जाकिटावर, जिनावर, लहानूच्या शर्टावर.

आधी कोणाला कळलं नाही. मग मागून कोणी तरी म्हणालं, "शेठ, हिला पण पाया पडायचंय वाटतं," आणि हसण्याची लाट आली.

"पाय खाली," धनेश दातांतून म्हणाला. "लहानू, चालव तिला. चालव."

लहानूने लगाम ओढला नाही. तो पायाकडे बघत होता. पाय थरथरत होता.

धम्मदिना रस्त्यावर बसली. पांढऱ्या साडीनिशी, डांबरावर, एक गुडघा टेकून. खूर मांडीवर घेतला. साडीवर लगेच काळा अर्धगोल उमटला. खूर आता तव्यासारखाच होता. ती हात पुढे करून काही मागणार इतक्यात पक्कड तिच्या तळहातावर आली. लहानूने ती शर्टाखाली कंबरेला खोचून आणली होती.

"दिना, हात लावशील तर बघ," धनेश वरून म्हणाला.

तिने नालाखाली पक्कड घातली. एक बाजू, मग दुसरी. खिळे कुरकुरत निघाले. पाच कोरडे होते. सहावा, भेगेच्या बाजूचा, ओला होता. त्याच्या टोकाला काळपट पू, आणि पुवामागून रक्त. तिने तो खिळा वर धरला. धनेशसमोर नाही, जीपसमोर. बाळारामने बघितलं. या वेळी त्याला चोळायला गुडघा सापडला नाही.

"उतर खाली," म्हातारा म्हणाला.

"आबा, वेस पन्नास पावलांवर..."

"धनेश. उतर."

धनेश उतरला. ओलं जाकीट पोटाला चिकटलेलं. तो लहानूच्या अगदी जवळ गेला.

"तू बोललास रवाल हाय. तुझ्या शब्दावर घेतली मी."

"मला ऐकू येत न्हाय, शेठ," लहानू म्हणाला. बहिरी माणसं बोलतात तसा मोठ्याने, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा. "जत्रेत पण येत न्हवतं. मी खोटं बोललो."

हसणं बंद झालं. धनेश उभा राहिला. त्याला मारावं की काय करावं हे त्याला कळत नव्हतं हे त्याच्या हातांवरून दिसत होतं. ते वर गेले आणि फेट्याशी जाऊन थांबले.

"घेऊन जा तिला," तो म्हणाला. "बांध जाऊन." आणि वेशीकडे पायी निघाला. दोन माणसं मागे, चार थांबली, मग बँजो उगाच पुन्हा सुरू झाला.

शांताबाईने रिकामा चांदीचा पेला उचलला, पुसला आणि जीपच्या बॉनेटवर ठेवला. "मी वंदनेला पुढं होते," ती म्हणाली. "तुमी दोघं या मागनं. साडी बदलू नको, दिने. अशीच ये."

---

डांबर टाळून ते खाडीच्या बांधावरून निघाले. माती मऊ होती. घोडीच्या डाव्या पायाला लहानूने आपला रुमाल बांधला होता, एका हाताने, दातांनी गाठ ओढून. झूल तिने खांद्यावर घेतलेली. मखमल दोघांच्या मधे हळूहळू चालत होती, पाय जपून टाकत.

पलीकडे गोडाउनांची रांग. सणाच्या दिवशीही एक ट्रक मागे घेत होते, त्याची शिट्टी वाजत होती.

"दिने," लहानू म्हणाला. "ऐक. किती ठोके पडतात?"

ती थांबली, घोडीला पुढे जाऊ दिलं आणि डोळे मिटले. ओल्या मातीत खूर फार बोलत नाहीत. एक. मग ट्रकची शिट्टी. दोन, किंवा दोन आणि तीन एकत्र. मग काहीच नाही. मग चार वाटले. मग पुन्हा दोन. एक पाय दुखरा, एका पायात अजून लोखंड, आणि वर बसायला कोणी नाही. अशा घोडीची चाल कोणती म्हणायची?

लहानू तिच्या तोंडाकडे बघत होता. जत्रेत लोक त्याच्याकडे बघत होते तसाच.

"बाबा, मला कळत न्हाय," ती म्हणाली.

त्याला पहिल्यांदा ऐकू गेलं नाही. तिने त्याच्या कानाशी जाऊन पुन्हा सांगितलं.

लहानूने ऐकलं. मोडका हात वर करून शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. शर्ट अजून पेल्याच्या पाण्याने ओला होता.

"जत्रेत एवढंच बोलायचं होतं मी," तो म्हणाला.

पुढे बांध उतरत होता. तिथे मखमल थांबली होती, वाट बघत. धम्मदिना पक्कड घेऊन तिच्या समोर जाऊन वाकली. घोडीने सवयीने डावा उचलला.

"हा न्हाय," ती म्हणाली आणि उजव्या खांद्याला बोट लावलं. "दे."